आंखूड स्प्रिंगा, बुटकी मोटार

मोटार जितकी जमिनीलगत, तितकी ती वळणावर स्थिर, हें तत्त्व खरेंच आहे. गुरुत्वमध्य खालीं आला म्हणजे वळतांना बाहेरील चाकांवर पडणारा जादा भार कमी होतो. म्हणूनच पुष्कळ हौशी तरुण मूळ स्प्रिंगा काढून आंखूड स्प्रिंगा बसवितात.

१९८९ सालीं निघालेली जपानची माझ्दा एमएक्स-५ ही दोन आसनांची हलकी गाडी अशा हौशी मंडळींची मोठी आवडती. ती ३० मिलिमीटर खालीं आणिली, तर चाकाला वर सरकण्याची जागाही तितकीच उणी होते. चाकाची धांव अडविणाऱ्या रबरी ठोकळ्याशीं गांठ वारंवार पडूं नये, यासाठीं आंखूड स्प्रिंग अधिक ताठ असावी लागते. तें न साधल्यास भर वळणावर ठोकळा लागून टायराची पकड एकाएकीं सुटूं शकते. ताठ स्प्रिंगेला आवरणारा शॉक ॲब्सॉर्बरही तसाच जोरकस हवा. नाहीं तर गाडी उसळत राहते. शिवाय चाकें माथ्याकडून आंत झुकतात. अलाइनमेंट पुन्हां न केल्यास टायरांची आंतली कड लवकर झिजते.

कांहीं जण पैसे वांचविण्यासाठीं मूळ स्प्रिंगच कापतात. सहा कार्यक्षम वेटोळ्यांतील एक कमी केलें कीं ताठपणा २० टक्के वाढतो. परंतु कापलेलें टोंक बैठकींत नीट बसत नाहीं, आणि चाक खालीं लोंबलें कीं स्प्रिंग जागा सोडूं शकते.

मोटार बुटकी करणें वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि अलाइनमेंट यांचा हिशेब एकत्र मांडावा. चिरंजीवांनीं हट्ट धरल्यास वडिलांनीं नुसतें ‘नको’ न म्हणतां हा हिशेब मागावा.