पगाराची आगोट

आमच्या रायगड जिल्ह्यात ‘आगोट’ हा शब्द लहान पोरालाही कळतो. पाऊस सुरू होण्याआधी घरात तांदूळ, मसाला, मीठ, सुकी मासळी, सरपण भरून ठेवायचं, ती आगोट. झड किती दिवस लागेल हे कुणी सांगू शकत नाही. पण लागली तर चूल विझू नये, एवढी तजवीज घरची बाई करून ठेवते. आज मला पगाराच्या आगोटीबद्दल बोलायचं आहे, आणि तेही सैनिकांच्या घरांबद्दल.

अमेरिकेत सरकारच बंद पडतं, ही बातमी आपण अधूनमधून ऐकतो. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही, तर कचेऱ्यांना कुलूप लागतं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस हेच झालं. सैनिकाला मात्र घरी बसता येत नाही. पगार येवो न येवो, पहारा चालूच. त्या वेळी दुसऱ्या कामासाठीचा पैसा वळवून सैनिकांचे पगार भागवण्यात आले. पण २०१९ च्या जानेवारीत तिथल्या तटरक्षक दलाच्या जवानांचा पगार खरोखरच चुकला होता, कारण ते दल संरक्षण खात्याखाली नव्हे, अंतर्गत सुरक्षेच्या खात्याखाली येतं.

आपल्याकडे असं होईल का? सहसा नाही. सरकारच्या संचित निधीतून कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय पैसा काढता येत नाही, हा नियम आपल्याकडेही आहे. पण राज्यघटनेच्या ११६ व्या कलमात लेखानुदानाची सोय आहे. म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंत काही महिन्यांचा खर्च आगाऊ मंजूर करून घ्यायचा. २०२४ साली निवडणुका होत्या. १ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि पूर्ण अर्थसंकल्प थेट २३ जुलैला. तरी मधल्या काळात कुठल्याही जवानाचा पगार त्यासाठी थांबला नाही. शिवाय लोकसभेने पैसा नाकारला तर आपल्याकडे सरकारच पडतं. ते खुर्चीवर बसून कचेऱ्या बंद ठेवू शकत नाही.

मग आगोट कशासाठी? कारण आपल्याकडे सरकार बंद पडत नाही, कागद अडतो. आणि कागद अडला की त्या एका घरापुरतं सरकार बंदच असतं.

२०२२ च्या एप्रिलचं उदाहरण घ्या. माजी सैनिकांचं निवृत्तिवेतन बँकांकडून ‘स्पर्श’ नावाच्या नव्या संगणकीय व्यवस्थेकडे नेण्याचं काम तेव्हा सुरू होतं. या बदलात अनेकांच्या वार्षिक ओळख-पडताळणीची नोंद वेळेवर झाली नाही. देशभरात सुमारे ५८ हजार जणांचं एप्रिलचं निवृत्तिवेतन महिनाअखेर जमा झालं नाही. ओरड झाल्यावर संरक्षण मंत्रालयाने एकवेळची सवलत म्हणून ४ मेपर्यंत ते जमा केलं आणि पडताळणीसाठी २५ मेपर्यंत मुदत दिली. चार दिवसांचा तर प्रश्न, असं कुणी म्हणेल. पण ज्याच्या घरी पाच तारखेला कर्जाचा हप्ता कापला जातो, त्याला चार दिवस म्हणजे काय ते विचारा.

आमच्या खांदा कॉलनीत सिडकोच्या इमारतींमधून महाड, पोलादपूर, सातारा अशा भागांतून आलेले बरेच माजी सैनिक राहतात. त्या मे महिन्यात आमच्या शेजारचे सुभेदारसाहेब दोनदा बँकेत जाऊन आले. मला म्हणाले, “अहो कवी, सियाचीनच्या थंडीत काढले तेव्हा कुणी विचारलं नाही जिवंत आहेस का. आता दरवर्षी विचारतात.” ते हसत होते, वहिनी मात्र वाण्याची वही उघडून बसल्या होत्या.

तर तयारी काय करायची? पहिली गोष्ट खात्याची. पूर्वी जवान मनीऑर्डर पाठवायचा आणि पोस्टमन पैसे घरच्या बाईच्या हातात मोजून द्यायचा. आता पगार खात्यात जमा होतो. पण खातं एकट्या जवानाच्या नावावर, आणि ओटीपी येतो त्याच्या फोनवर. तो फोन लडाखमधल्या एखाद्या चौकीत, जिथे रेंज नाही! म्हणजे पैसा आहे, पण घरात नाही. म्हणून पत्नीबरोबर संयुक्त खातं काढावं, दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल त्याने चालवावं अशा पद्धतीचं. तिचं स्वतःचं कार्ड आणि तिचा स्वतःचा मोबाइल नंबर असावा. पेन्शनीचं खातंही असंच संयुक्त असेल, तर पुढे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच खात्यात मिळू शकतं.

दुसरी गोष्ट नावाची. शब्दांचा धंदा करणारा माणूस म्हणून ही मला फार जवळची वाटते. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, कधी कधी नावही बदलतं. माहेरची सुशीला सासरी सुनंदा होते. आमच्या मुसलमान घरांतही तीच गत. एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’, तिसऱ्यावर काहीच नाही. घरात सगळ्यांना ती एकच बाई; संगणकाला मात्र तीन. नवरा नोकरीत असतानाच लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये झाली आहे का, हे पाहून घ्यावं. निवृत्त झालेल्यांनी डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून पत्नीचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. एका मात्रेचा फरक आज दुरुस्त करायला एक अर्ज पुरतो. माणूस गेल्यावर तोच फरक विधवेला महिनोन् महिने फिरवतो.

तिसरी गोष्ट हयातीच्या दाखल्याची. तो वर्षातून एकदा द्यायचा असतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सोयीने तो संगणकावरून देता येतो, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तारीख घरातल्या कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवावी. दिल्यावर पोच जपावी. नोंदवलेला मोबाइल नंबर मुलाचा बंद पडलेला जुना तर नाही ना, हेही पाहावं. सूचना तिथेच जातात. मात्र फोन करून ओटीपी मागणाऱ्या कुठल्याही ‘साहेबा’ला तो देऊ नये.

चौथी गोष्ट खरी आगोट. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवावा, कुणालाही उसना न देता. एकदम जमत नसेल तर भिशीसारखा दरमहा थोडा. हप्ता कधी कापला जातो, विमा कुठला, भिशीचा नंबर कधी, हे सगळं एका वहीत असावं आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावं.

आणि अडलंच, तर एकट्याने झुरू नये. आपल्या जिल्ह्यासाठी अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. सेवेतल्या जवानाच्या घरच्यांनी त्याच्या युनिटला किंवा रेकॉर्ड ऑफिसला कळवावं. तक्रार लेखी द्यावी, आणि तिचा नंबर घ्यावा.

महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. पिढ्यान् पिढ्या सैन्यात माणसं देत आलं, म्हणून नावातच फौज आली. अशा गावांत सैनिकाच्या शौर्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या सांगायलाच हव्यात. पण त्याच्यामागे घर सांभाळणाऱ्या बाईला पीपीओ म्हणजे काय, तो कुठल्या ट्रंकेत आहे, हे कुणी सांगितलं का? या सुट्टीत जवान घरी आला, की एक संध्याकाळ त्यासाठी काढावी. दोघांनी ट्रंक उघडून बसावं, आणि कागद तिने वाचावेत, त्याने ऐकावेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)