औषध घटकाभराचे, शुश्रूषा दिवसरात्रीची

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. १८२० साली याच दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म झाला. लंडनला सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या नावाचे एक लहानसे संग्रहालय आहे. नातेवाइकांकडे गेलो असताना ते पाहण्याचा योग आला. चित्रांत बाईंच्या हाती अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा दिवा दाखवतात. तिथे पाहिला तो मात्र घडी होणारा साधा तुर्की कंदील होता. रात्री खाटांमधून फिरताना असाच कंदील त्यांच्या हाती असे.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील लष्करी रुग्णालयात गेल्या. तिथे सैनिक जखमांनी मरत होते, त्यापेक्षा कितीतरी अधिक कॉलरा, हगवण आणि टायफसने मरत होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली, हवा कोंदट, अंथरुणे घाण. १८५५ च्या मार्चनंतर सरकारी पथकाने गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. बाईंनी पुढे हे सारे आकडे रंगीत आकृतीत मांडून सरकारला दाखवले. १८६० साली त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पण इथल्या गावांच्या स्वच्छतेविषयी लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

आपल्याकडची परंपराही लहान नाही. १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत परिचारिकेच्या शिक्षणाला आल्या. अशा शिक्षणाला आलेली पहिली हिंदी स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली, आणि त्याच रोगाने १० मार्चला त्या गेल्या. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. सोवळ्यातल्या विधवांनी परक्यांच्या जखमा धुवायच्या, ही कल्पनाच तेव्हा लोकांना सहन होत नव्हती. तरी सेवासदनच्या स्त्रिया ससून रुग्णालयात शिकून परिचारिका झाल्या.

हे सांगण्याचे कारण असे, की शुश्रूषा म्हणजे दुय्यम काम हा समज आजही गेलेला नाही. डॉक्टर खाटेपाशी दहा मिनिटे थांबतो. उरलेला दिवस आणि सारी रात्र सिस्टर असते. आणि रुग्ण घरी आला की ती जागा आई, पत्नी किंवा सून घेते.

आमच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्र्या आणि मशीनशॉप पुष्कळ. एक कामगार अपघाताने कमरेखाली लुळा पडला. त्याच्या पत्नीला कुशी बदलण्याचे महत्त्व वॉर्डातल्या सिस्टरने समजावले होते. तिने भिंतीवर खडूने वेळा लिहिल्या आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याची कूस बदलली. शेजारी, दीर, सासू यांनी पाळ्या वाटून घेतल्या. त्याला अंथरुणाची जखम झाली नाही. हे श्रेय माझ्या औषधांचे नव्हे.

अशी जखम का होते? एकाच जागी भार राहिला की हाड आणि अंथरूण यांमध्ये कातडी दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि ती मरते. माकडहाड, टाचा, खुबे आणि घोटे या जागा धोक्याच्या. म्हणून घरी पुढील गोष्टी सांभाळा.

१) साधारण दर दोन तासांनी कूस बदला. रुग्णाला फरफटत ओढू नका; दोघांनी चादरीसकट उचला. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते.

२) अंथरूण कोरडे आणि सुरकुत्यांविना ठेवा. लघवी-संडास झाल्यावर लगेच स्वच्छ करा.

३) रोज उजेडात पाठ आणि टाचा पाहा. बोटाने दाबूनही लाली जात नसेल, सावळ्या कातडीवर जागा काळपट, गरम किंवा कडक लागत असेल, तर ती चोळू नका. त्या जागेवर भार देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

४) पोटात डाळ, दूध, अंडे असे प्रथिनांचे अन्न जाऊ द्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी विचारून घ्या. भरवताना रुग्णाला बसते करा, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो.

५) रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवा. खिडकी उघडी ठेवा.

शेवटचे एक. रुग्णालयातून सुटी मिळताना बिलाच्या गडबडीत निघून येऊ नका. सिस्टरकडून कूस बदलणे, स्पंजिंग आणि भरवणे स्वतः करून शिकून घ्या. आणि घरी जी बाई रात्र रात्र जागते आहे, तिलाही दिवसा चार तास निवांत झोप मिळेल अशी पाळी लावा. तीच आजारी पडली, तर दोघांकडे पाहायला कोण?