बटण बिघडलं म्हणून कंट्रोलर फेकू नका

टीव्हीवर गेम खेळताना मुलांच्या हातात असतो तो कंट्रोलर. त्याचं एक बटण चालेनासं झालं की मुलं नवा मागतात, आणि नव्याला काही हजार रुपये पडतात. आतला बिघडलेला स्विच मात्र काही रुपयांत मिळतो. गटातल्या ज्या मैत्रिणी मोबाइल दुरुस्ती शिकल्या आहेत, त्यांच्यासाठी हे कमाईचं काम आहे.

आधी बिघाड ओळखा. एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर घेऊ. त्याच्या ए, बी, एक्स, वाय या बटणांखाली रबराची गादी असते. तिथे मळ साचला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. वरच्या कडेची एलबी आणि आरबी ही बटणं मात्र ‘टक’ वाजतात. त्यांच्याखाली डाख देऊन बसवलेला टॅक्ट स्विच असतो. तो झिजला की बदलावाच लागतो.

सेल काढा, मगच उघडा. टी-८ जातीचे ५ स्क्रू असतात. त्यातला एक सेलच्या खोबणीत स्टिकरखाली असतो. दर पायरीला मोबाइलवर फोटो काढा. मल्टिमीटर बीपवर ठेवून स्विचच्या पायांना लावा. दाबूनही बीप वाजली नाही, तर स्विच गेला.

आता खरं जोखमीचं काम. जुना स्विच ओढून काढू नका. ओढला तर त्याच्यासोबत बोर्डावरचा तांब्याचा पातळ पत्रा निघतो आणि काही रुपयांच्या कामात अख्खा बोर्ड जातो. फ्लक्स लावा, जुन्या डाखावर थोडा नवा डाख द्या, म्हणजे तो लवकर वितळतो. मग तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, म्हणजे विकने, डाख टिपून घ्या. स्विच हलका झाला की चिमट्याने उचला.

नवा स्विच त्याच मापाचा, त्याच उंचीचा हवा. नाहीतर बटण दबलेलंच राहतं. आयर्न एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. झाकण लावण्याआधी पुन्हा बीप तपासा.

डाखात शिसं असू शकतं. खिडकी उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा, नंतर साबणाने हात धुवा.

आणि गिऱ्हाइकाचं काम घेताना बोर्डाला धोका आहे हे आधीच सांगा, काढलेला स्विच परत द्या. विश्वास बसला की पुढचं काम आपोआप दारी येतं.