आनंद निकेतन: सेवाग्रामची कामातून शिकणारी शाळा

सहावीच्या मुलांनी मेथीचा वाफा करायचं ठरवलं की बियाण्याच्या आधी जागेचा प्रश्न येतो. समजा, वाफा तीन मीटर लांब आणि एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद आहे. दोन ओळींत वीस सेंटिमीटर अंतर ठेवायचं. ओळी किती बसतील? एकशेवीसला विसाने भागलं की उत्तर येतं सहा. पण दोरी लावून मोजायला बसलेली मुलगी सांगते, सात. ती दोन्ही कडांवर ओळ धरते. मग वाफ्यापाशीच वाद सुरू होतो. भागाकार चुकला की मोजणी? कडेला बी टाकलं तर काय होईल? उत्तर कुणीतरी झारीनेच देतं: पाणी पडलं की कडेची माती ढासळते आणि बी वाहून जातं. म्हणून दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर सोडायचे, आणि ओळी सहा.

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर, सेवाग्राम आश्रमाच्या शेजारी ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा आहे. तिथलं शिक्षण या प्रकारचं असतं. शेती, स्वयंपाक, सूतकताई, सफाई ही कामं दिवसाच्या मध्यभागी ठेवायची आणि गणित, विज्ञान, भाषा, इतिहास त्या कामांतून वर काढायचे, ही इथली रीत. महात्मा गांधींच्या नई तालीमची ही आजची शाळा. पाचवी ते सातवीच्या वयात ही रीत सर्वांत जास्त फळते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात खरं काम करण्याइतकं बळ आलेलं असतं, आणि ‘असं का?’ हा प्रश्न धरून बसण्याची चिकाटीही नुकतीच येऊ लागलेली असते.

वर्ध्याची परिषद आणि शाळेचं वेळापत्रक

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हेच गाव १९४० पासून सेवाग्राम झालं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, तिचे अध्यक्ष गांधीजी होते. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं, असा तिथला आग्रह होता. अभ्यासक्रम बनवायला डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनाने नई तालीमच्या या योजनेला मान्यता दिली आणि ती राबवायला हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला.

समितीने सुचवलेलं वेळापत्रक आजही वाचण्यासारखं आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यात मूलोद्योगाला, म्हणजे त्या हस्तोद्योगाला, ३ तास २० मिनिटं, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला ३०, व्यायामाला १० आणि सुट्टीला १०. वर्षाला शाळा २८८ दिवस. गणिताला इतका थोडा वेळ पाहून आजचा पालक दचकेल. पण तीन तास वीस मिनिटांच्या उद्योगातच बहुतेक गणित आणि विज्ञान होणार, हे त्यात गृहीत होतं. उद्योगाला ज्ञान जोडलं गेलं नाही, तर मात्र हे वेळापत्रक निव्वळ मजुरीचं ठरतं. सगळी मदार त्या जोडणीवर आहे. नई तालीमच्या वर्तुळात तिला ‘समवाय’ म्हणतात.

सेवाग्रामच्या तेव्हाच्या शाळेत ही जोडणी उभी केली ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने. ते सिलोनचे, त्या बंगाली. दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. चित्रकार देवीप्रसाद इथे कला शिकवत. मार्जरी साइक्स यांनी इथे शिक्षकांचं प्रशिक्षण सांभाळलं आणि पुढे नई तालीमचा इतिहास लिहिला. पुढे डॉक्टर झालेले अभय बंग याच शाळेत शिकले. गोठ्यातल्या जनावरांना पिण्याच्या पाण्याचं टाकं बांधायचं, तर ते केवढं हवं, हे शोधायचं काम आपल्याला मिळालं होतं, असं त्यांनी सांगितलं आहे. गाय दिवसाला किती पाणी पिते इथून सुरुवात, मग घनफळ, मग विटांची संख्या. घनफळाचं सूत्र पाठ करूनही ते कशासाठी असतं हे न कळलेल्या आपल्यासारख्या अनेकांना त्या मुलाचा हेवा वाटावा.

ती जुनी शाळा पुढे बंद पडली. २००५ साली त्याच परिसरात नई तालीम समितीने आनंद निकेतन सुरू केलं. मुख्याध्यापिका सुषमा शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या विचाराला आजच्या मुलांच्या आणि आजच्या पाठ्यक्रमाच्या मापाने नव्याने शिवलं. आजूबाजूच्या गावांतली शेतकऱ्यांची, मजुरांची, नोकरदारांची मुलं इथे एकत्र शिकतात.

कपाशीचं बोंड ते सुताचा अंक

वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटचा कापूस ब्रिटिश काळात विलायतेच्या बाजारात नावाजलेला होता. त्यामुळे कापूस इथल्या मुलांना परका नाही. घरची वेचणी त्यांनी पाहिलेली असते, काहींनी केलेलीही असते. पण वेचलेला कापूस गाडीत भरला की घराबाहेर जातो, आणि पुन्हा येतो तो शर्ट होऊन. मधलं सगळं अदृश्य. सूत कातायची टकळी नेमकं हेच मधलं दाखवते.

आधी कापसातून सरकी काढायची. वजन केलं की कळतं, रुई जेमतेम तिसरा हिस्सा भरते, बाकी सरकी. इथे गुणोत्तर आणि शेकडेवारी येते. सरकीचं पुढे काय होतं, पेंड कोण खातं, तेल कुठे जातं, हेही निघतं. मग रुई मोकळी करून तिचे पेळू वळायचे. पेळू टकळीला लावून पीळ दिला की एरवी बोटाने सहज तुटणारे तंतू एकमेकांना धरतात आणि सूत होतं. पीळ कमी पडला तर सूत सुटतं, जास्त झाला तर वळ्या पडतात. घर्षणाचा हा धडा मूल बोटांच्या टोकांनी शिकतं.

सुताला अंक असतो. ८४० वार, म्हणजे साधारण ७६८ मीटर लांबीच्या जितक्या गुंड्या एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये बसतील, तितका त्या सुताचा अंक. आता एखाद्या मुलाचं दहा मीटर सूत अर्धा ग्रॅम भरलं, तर एका ग्रॅममध्ये वीस मीटर. ४५४ ग्रॅममध्ये ९,०८० मीटर. त्याला ७६८ ने भागलं की अंक येतो बाराच्या आसपास. शेजारचीचं सूत जास्त बारीक, म्हणून तिचा अंक जास्त. जाडी कमी होते तसा अंक वाढतो. व्यस्त प्रमाण सातवीच्या पुस्तकात येतं तेव्हा ‘चार मजूर एक भिंत इतक्या दिवसांत’ या उदाहरणाने येतं. इथे ते मुलाच्या स्वतःच्या सुताने येतं आणि उत्तर चुकलं तर वजनकाटा लगेच सांगतो.

इतिहासही याच सुताला बांधलेला आहे. भारतातलं कापड एकेकाळी जगभर जात असे, मग इथून कापूस जाऊ लागला आणि मँचेस्टरचं कापड येऊ लागलं, हे वाक्य परीक्षेपुरतं पाठ करता येतं. पण तासभर कातून किती थोडं सूत होतं हे ज्याने अनुभवलंय, त्याला यंत्राने काय बदललं आणि विणकरांचं काय झालं असेल हे निराळ्या वजनाने कळतं.

वाफा, चूल आणि झाडू

मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येते. उपटलेलं रोप धुतलं तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबीसर निघाली, तर समजायचं की ती कामात आहे. तिच्यातले जिवाणू हवेतलं नत्र पकडून रोपाला देताहेत. तुरीच्या मुळांवरही तशाच गाठी असतात. घरी आजोबा कपाशीत तुरीच्या ओळी का टाकतात, याचं एक उत्तर पोरांना इथे मिळतं. रासायनिक खत-औषधांशिवाय शेती करायची म्हटल्यावर मावा कोण खातं, ढालकिडा मारू नये असं का, शेणखत कच्चं असताना का घालू नये, हे सगळे प्रश्न रोजचे होतात. भाजी काढली की तोलायची, वहीत लिहायची, बाजारभावाने तिची किंमत धरायची आणि बी-खताचा खर्च वजा करायचा. वहीतली नोंद हेच मराठीचं लेखनही. काय केलं, काय पाहिलं, काय फसलं, हे स्वतःच्या शब्दांत आणि दुसऱ्याला कळेल असं लिहायचं.

स्वयंपाकात माणशी किती तांदूळ, किती डाळ, हा हिशोब मोठ्या मुलांनी करायचा. चार पदार्थ सगळ्यांना आवडतात, पण पैशात कोणता बसतो आणि पोषणात कोणता, याचा मेळ घालणं हे खरंखुरं शहाणपणाचं काम. शेवग्याचा पाला, हिरव्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं यांचं मोल इथे कळतं. मुलगे पोळ्या लाटतात आणि भांडी घासतात. घरकाम बायकांचं, ही समजूत मोडायला याहून साधा उपाय नाही. बारा वर्षांचा मुलगा घरी जाऊन आईच्या हातातलं लाटणं मागतो, तेव्हा शाळेचा धडा घरापर्यंत पोहोचलेला असतो.

सफाईचं महत्त्व सर्वांत खोल आहे. वर्ग, अंगण आणि संडाससुद्धा सगळ्यांनी साफ करायचे. आपल्या समाजाने घाण काढण्याचं काम पिढ्यानपिढ्या काही जातींच्या माथी मारलं आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरवलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समतेवर धडा असतो, आणि त्याच शाळेचे संडास कुणीतरी ‘तेच लोक’ साफ करत असतात. सगळ्या घरांतली मुलं एकाच खराट्याने एकच अंगण झाडतात तेव्हा समता तोंडी न राहता अंगवळणी पडते.

आक्षेप खरे आहेत

या रीतीवरचे आक्षेप जुने आहेत आणि ते बाजूला सारू नयेत. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, असं गांधीजींना वाटत होतं. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी १९३७ च्या परिषदेतच त्याला विरोध केला. खुद्द झाकिर हुसेन समितीने बजावून ठेवलं की उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षकाचं शिकवण्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे. ही भीती खरी ठरली. स्वातंत्र्यानंतर अनेक राज्यांनी याच धर्तीवर ‘बुनियादी’ शाळा काढल्या. बऱ्याच ठिकाणी उद्योग आला, समवाय आला नाही. मुलं कातत राहिली, शिक्षक तास मोजत राहिले. कोठारी आयोगाने पुढे ‘कार्यानुभव’ सुचवला; आपल्या कित्येक शाळांत त्याची गत वर्षाअखेर कागदी फुलं करून गुण मिळवण्यापर्यंत आली.

दुसरा आक्षेप शेतकरी बापाचा आहे: ‘आम्ही जन्मभर मातीत राबलो, पोराने राबू नये म्हणून तर शाळेत घातलं.’ कर्ज, पावसाचा लहरीपणा आणि कापसाचे पडते भाव ज्याने सोसले, त्याच्या तोंडी हे वाक्य अगदी रास्त आहे. त्याला उत्तर भाषणाने देता येत नाही. वाफ्यावर काम करणारं मूल गणितात मागे पडत नाही, हे दिसावं लागतं. पोराची नोंदवही त्याला वाचून दाखवावी लागते. शेती म्हणजे नुसतं राबणं नसून हिशोब, निरीक्षण आणि निर्णय आहे, हे पोराच्या तोंडूनच त्याला ऐकायला मिळावं लागतं. म्हणून अशा शाळेत पालकांशी सततचं बोलणं हा कामाचाच भाग होतो.

सर्वांत अवघड काम शिक्षकाचं. पुस्तकातला पाठ क्रमाने शिकवता येतो. वाफा क्रमाने प्रश्न विचारत नाही. मेथीवर कीड सोमवारी पडते आणि कीटकांचा पाठ डिसेंबरात असतो. इथल्या शिक्षक ताईंना, दादांना आधी स्वतः काम यावं लागतं, मग त्यात दडलेला विषय दिसावा लागतो, आणि मग उत्तर न सांगता थांबता यावं लागतं. ओळी सहा की सात, हा वाद शिक्षकाने अर्ध्या मिनिटात मिटवला असता, तर वाफा झाला असता, पण गणित झालं नसतं.

दहा दिवसांपलीकडे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस ‘दप्तराविना’ ठेवायला सांगितलं आहे. या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावं, अशी अपेक्षा आहे. एनसीईआरटीने व्यवसाय शिक्षणाची पुस्तकंही काढली आहेत. पाऊल स्वागतार्ह आहे. पण सहल आणि छायाचित्रं यांत हे दहा दिवस संपले, तर कार्यानुभवाचीच गोष्ट पुन्हा घडेल. सेवाग्रामचा अनुभव सांगतो की काम रोजचं हवं, खऱ्या गरजेचं हवं, आणि त्यातून निघालेल्या प्रश्नाला वर्गात मानाची जागा हवी.

त्यासाठी प्रत्येक शाळेला टकळी लागेल असं नाही. रत्नागिरीच्या शाळेत काथ्याचा दोर असेल, सोलापुरात माग, नाशकात द्राक्षाचा वेल, पुण्या-मुंबईच्या इमारतीत ओल्या कचऱ्याचा खड्डा आणि गच्चीवरची कुंडी. शिक्षकांनो, या वर्षी एकच काम निवडा, ते वर्षभर चालू ठेवा आणि त्याची नोंदवही मुलांच्या हाती द्या. आणि पालकांनो, मुलगी चिखलाने भरलेले हात घेऊन घरी आली तर ‘आज काय शिकवलं?’ असं विचारू नका. ‘आज काय मोजलंस?’ असं विचारा.