हौजातील रंगीत मासे : आधी पाणी सांभाळा, मग माल घ्या

मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटजवळची जुमा मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. १७७५ साली काम सुरू झाले आणि १८०२ साली पुरे झाले. तलाव बुजवला नाही. त्याचे पाणी वजूसाठी राहिले आणि पाण्यात मासेही राहिले. कोकणातल्या मशिदींच्या हौजातही मासे सोडण्याची रीत आहे. ती निव्वळ शौकाची नव्हती. मासे डासांच्या अळ्या खातात.

आता बंगल्याच्या अंगणात, गच्चीवर, हॉटेलच्या दारात गोल्डफिश आणि कोई कार्पचे हौज दिसतात. मोहल्ल्यातले तरुण या धंद्याची चौकशी करू लागले आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या आवारातील रंगीत माशांच्या लहान युनिटलाही अनुदानाची तरतूद करण्यात आली. त्याची आजची स्थिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावी. पण अनुदानाआधी एक साधा हिशेब करावा. समजा, वीस रुपयांप्रमाणे शंभर मासे आणले आणि तीन आठवड्यांत तीस मेले. उरलेला प्रत्येक मासा अठ्ठावीस रुपये सत्तावन्न पैशांना पडला. कापडाच्या धंद्यात शंभर ताग्यांतले तीस सडले तर पेढी बसेल. इथे मात्र लोक “नाजूक जात आहे” म्हणून सोडून देतात. जात एवढी नाजूक नाही, पाणी खराब असते.

पहिला दुश्मन नळाचे व टँकरचे क्लोरीन. ते माशांचे कल्ले जाळते. ब्लीचिंगनंतर कापडातले क्लोरीन मारण्यासाठी प्रोसेस हाऊसमध्ये जो हायपो वापरतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तोच इथे चालतो. हजार लिटरला दहा ग्रॅम साधारण पुरतो. नाहीतर पाणी उघड्या टाकीत उन्हात दोन दिवस ठेवावे. हौजात पाणी किती, हे आधी मोजा : लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणा आणि अठ्ठावीसने गुणा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट पाण्याच्या हौजात पाच हजार लिटर भरते. एवढ्यात पूर्ण वाढणाऱ्या चार-पाच कोई पुरेत. दुकानात ती बोटाएवढी दिसते म्हणून पन्नास सोडतात, आणि वर्षाने बोंब मारतात.

दुसरी गोष्ट हौज धुण्याची. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. भिंतीवर, गोट्यांवर, फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात. नव्या हौजात हे जंतू जमायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मासे थोडेच ठेवावेत. सणाआधी हौज पूर्ण उपसून ब्लीचिंग पावडरने घासला की हे सगळे जंतू जातात. पाणी काचेसारखे दिसते आणि आठवड्यात मासे उलटे तरंगतात. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे, स्पंज हौजातल्याच पाण्यात पिळावा. नवा सिमेंटचा हौज असेल तर दोन-तीन आठवडे भरून-उपसून चुना आधी काढावा. पाणी स्वच्छ दिसावे म्हणून तुरटी टाकू नये. आणि जिथे मासे आहेत तिथे साबण लावलेला हात बुडवायचा नाही, हे पाटी लावूनच सांगितलेले बरे.

फजरच्या नमाजाला येणारे पाहतात की मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. लोक समजतात भूक लागली, आणि पाव टाकतात. खरे तर त्यांचा श्वास कोंडलेला असतो. हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री तेच तो ओढून घेते. म्हणून पहाटेच्या आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. गरम पाण्यात तो मुळात कमी मावतो : वीस अंशाला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसात. एप्रिल-मेमध्ये रात्रभर कारंजे किंवा हवेचा पंप चालू ठेवावा, वीज जाते तिथे बॅटरीचा पंप. अर्ध्या हौजावर शेडनेटची सावली हवी. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच, आणि पाव नकोच.

कुर्ल्याच्या बाजारातून आणा की कोणा ओळखीच्याकडून, नवा माल थेट हौजात टाकू नका. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासे वेगळ्या टबात तीन आठवडे राहू द्या. विकणारा “गॅरंटी” म्हणतो, ती दुकानाच्या पायरीपर्यंतच. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर टबात लिटरला तीन ग्रॅम बिनआयोडीनचे खडे मीठ दोन-तीन हप्त्यांत विरघळवून घालावे. मीठ उडून जात नाही. पाणी जेवढे बदलले तेवढ्यापुरतेच पुन्हा घाला, नाहीतर मीठ चढत जाईल.

खंड्या, ढोकरी, मांजर आणि पावसाळ्यात दिवड, यांच्यासाठी जाळी. ती घट्ट ताणावी; सैल जाळीत पक्षीच अडकतो. ओसंडणाऱ्या पाण्याच्या पाइपलाही जाळी लावा, जोराच्या पावसात मासे गटारात जातात.

डासांच्या धुराची गाडी मोहल्ल्यात येते तेव्हा हौज ताडपत्रीने झाकावा, पंप बंद करावा आणि धूर विरल्यावर लगेच चालू करावा. या फवारणीत पायरेथ्रॉइड जातीची औषधे असतात. माणसाला ती फारशी लागत नाहीत, माशांना अगदी थोडीही पुरतात. नगरपालिकेच्या माणसाला गाडीची वेळ आधी विचारून ठेवावी.

शेवाळ खाईल म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारतात. तो मोठा झाला की गोल्डफिशच्या अंगावरची बुळबुळ चाटतो, आणि कंटाळलेले लोक त्याला नदीत सोडतात. देशातल्या अनेक नद्या-तलावांत तो असाच पसरला आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. नको असेल तर दुकानदाराला परत द्या, घेत नसेल तर मुळात विकतच घेऊ नका.