पालक धुतला, पण मातीचे काय?

सुदुंबऱ्यातल्या बैठकीत एका मावशींनी विचारले, "सिस्टर, मी भाजी मिठाच्या पाण्यात धुते. मग चालतंय ना?" धुवाच, असे आम्ही सांगितले. धुण्याने धूळ आणि जंतू जातात. पण मुळांतून वर चढून पानाच्या आत बसलेले शिसे आणि कॅडमियम धुऊन जात नाही.

शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा फटका बसतो. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठते. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीच्या सांडपाण्यावरचा भात खाऊन बायकांची हाडे मोडू लागली. प्रदूषणामुळेच हे झाले, हे सरकारने १९६८ साली मान्य केले.

आपण इंद्रायणीच्या खोऱ्यात राहतो. शेजारी तळेगाव-चाकणचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत इंद्रायणी आहे. म्हणून ओढ्याच्या पाण्यावर भाजी पिकवणाऱ्यांनी माती तपासून घ्यावी. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात, पण शिसे आणि कॅडमियम त्यात येत नाही. ती तपासणी वेगळी मागावी लागते.

दोष निघाला तर एक उपाय आपल्या हातात आहे : बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजलेला काडीकचऱ्याचा कोळसा. राब भाजतो तेव्हा सगळ्याची राख होते. इथे राख होऊ द्यायची नाही. खड्ड्यात भाताचे तूस थराथराने पेटवा आणि काळे पडले की पाणी मारून विझवा. प्लास्टिक किंवा रंगवलेले लाकूड घालू नका. तोंडाला फडके बांधा. कोळसा ओला असतानाच फोडा, म्हणजे भुकटी छातीत जाणार नाही. मग शेणखतात मुरवून गुंठ्याला १०० ते २०० किलो या प्रमाणात वीतभर खोल मिसळा.

हा कोळसा मातीचा आंबटपणा कमी करतो आणि शिसे, कॅडमियम धरून ठेवतो. त्यामुळे ते पिकात कमी जाते. पण धातू जमिनीतून नाहीसा होत नाही, म्हणून काही वर्षांनी पुन्हा तपासणी करावी. मातीत आर्सेनिक असेल तर कोळशाने ते उलट सुटे होऊ शकते. त्यामुळे आधी तपासणी, मगच कोळसा. तोवर त्या तुकड्यात पालक-मेथीऐवजी भेंडी, वाल, दोडका लावा. फळभाजीत धातू सहसा कमी उतरतो.

घाण पाणी येतच राहिले तर कोळसा किती पुरणार? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. शुद्ध पाणी हा त्याच हक्काचा भाग आहे. पुढच्या ग्रामसभेत बायांनो, एकत्र जा. माती आणि पाण्याच्या धातू तपासणीचा ठराव मांडा, आणि त्याची नक्कल हातात घेऊनच घरी या.

जय भीम!