गवताची बाजू

पुण्यात टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांची वाण नाही. वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण, सगळीकडे उजाडायच्या आत वर्दळ सुरू होते, आणि मृग लागला की तिच्यात कुदळ-फावडी घेतलेले गट मिसळतात. मुरूम फोडून खड्डा काढायचा, खालून आणलेली माती-शेणखत त्यात भरायचं, पिशवी फाडून रोप लावायचं, आळं करून काठीचा आधार द्यायचा. उन्हाळ्यात हीच मंडळी घरून बाटल्या भरून पाणी नेतात. या खटाटोपामागच्या तळमळीबद्दल शंका नाही. शंका आहे ती टेकडी उघडीबोडकी आहे, ती झाडांनी झाकली की निसर्ग परत आला, या समजुतीबद्दल. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि विरळ झाडांच्या आहेत. तिथे झाडी दाट करणं म्हणजे असलेला निसर्ग हटवून दुसरा आणून बसवणं होय.

पुरावा पायाखालीच आहे. खाली काळा कातळ, त्यावर मुरमाड मातीचा पातळ थर, पाऊस चार महिने आणि पुढे आठ महिने कोरडे. अशा जागी टिकतात ती सालई, मोई, गणेर, पळस, मेडशिंगी यांसारखी पानगळीची, एकमेकांपासून अंतर राखून वाढणारी झाडं. मधली सगळी जागा गवताची. ब्रिटिशांनी जंगल तोडलं म्हणून हे माळ उरले, असं सर्रास सांगितलं जातं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी मध्ययुगीन मराठी ग्रंथ आणि ओव्यांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातलं हे माळरान निदान साडेसातशे वर्षं जुनं असल्याचं दिसलं. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातही इथे गवतच होतं.

हा निसर्ग दिसत नाही याचं कारण तो घोट्याच्या उंचीवर आहे. पहिल्या पावसानंतर, गवत वर यायच्या आधी, काळ्या मुसळीची सहा पाकळ्यांची पिवळी फुलं अगदी जमिनीला टेकून उमलतात. चालणाऱ्याच्या बुटाखाली ती सहज जातात. मागोमाग कंदातून खरपुडी आणि जमिनीवरच्या आमरी येतात. पावसाळा सरता सरता कुसळी गवत पिकतं. त्याच्या बीजाला पीळ भरलेली लांब शेपटी असते. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा भरतो, आणि या उलट-सुलट फिरण्यात टोकदार बीज मातीत घुसत जातं. तेच मोज्यात अडकतं, आणि त्याबद्दल लोक फक्त कुरकुरतात. चंडोल आणि टिटवी घरटी जमिनीवरच करतात. त्यांना दाट झाडीचा उपयोग शून्य.

आता गर्द झाडीत चला. पुण्याच्या टेकड्यांवर ती बहुतेक ठिकाणी ग्लिरिसिडियाची आहे. मूळची मध्य अमेरिकेतली, गिरिपुष्प असं गोंडस नाव मिळालेली. उंदीरमारी हे तिचं दुसरं नाव जास्त प्रामाणिक आहे. हलक्या जमिनीत जगते, झपाट्याने वाढते, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, त्यामुळे लागवड यशस्वी झाल्याचं कागदावर चटकन दाखवता येतं. तिच्या सावलीत गवत मरतं. उरतो पाचोळा आणि उघडी माती. झाडं माती धरून ठेवतात हे खरं, पण उतारावरचा हा पातळ थर गवताच्या मुळांच्या जाळ्याइतका घट्ट कोणी धरत नाही.

शहराला सावली नको का, असं कोणी विचारेल. हवीच, पण ती रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, बसथांब्यावर, जिथे माणसं उन्हात उभी असतात. याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: गवताला पडीक म्हटलं जातं आणि पडीक जमिनीवर बिल्डरचा डोळा असतो, झाडं असली तर निदान तोडायला परवानगी तरी लागते. ही भीती रास्त आहे. पण वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे काढायच्या बेताविरुद्ध 2023 साली लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा टेकडीवर झाडं भरपूर होतीच. त्यांच्याकडे बघून कोणी बेत आखायचं थांबलं नव्हतं. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांच्या टेकड्यांना जो काही आधार आहे, तो विकास आराखड्यातल्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा. तो टिकवायचा तर तिथली जैवविविधता नेमकी कोणती, हे सांगता यायला हवं, आणि त्या यादीत गवत वगळून चालणार नाही.

म्हणून उद्याच सगळी ग्लिरिसिडिया कापा, असंही नव्हे. एका दमात मोकळी केलेली जागा घाणेरी बळकावते आणि ती हटवणं त्याहून कठीण. जिथे झाडीच्या कडेला कुसळी अजून तग धरून आहे, तिथून सुरुवात करावी, दरवर्षी थोडी थोडी झाडं कमी करावीत आणि गवत आत सरकू द्यावं. त्या पट्ट्यात नवे खड्डे तेवढे खणू नयेत.